बारदान वजा करून

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की व्यापारी आणि शेतकरी दोघंही आकड्याकडं बघायचे, वडील मात्र आधी पोत्याकडं बघायचे. बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, किती? ते वजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून वजन निघायचं नाही. मी मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, पुढची सव्वीस वर्षं बहुतेक लहान मुलांच्या वॉर्डात काढली, आणि नव्या मुली ड्युटीवर आल्या की औषधाचा हिशोब शिकवताना माझ्या तोंडात वडिलांचाच शब्द येतो. मुली हसतात. हसू देत.

गणित अवघड नाही, हे आधीच सांगते. शाळेतलं त्रैराशिक ज्याला येतं त्याला बाळाचा डोस काढता येतो. वॉर्डात मी ज्या चुका पाहिल्या (त्यातली एक माझी स्वतःची, ती पुढं येईल) त्या गुणाकार-भागाकाराच्या नव्हत्याच. गुणाकार बरोबर होता, त्यात घातलेला आकडा चुकला होता. वजन ऐकीव होतं, नाहीतर बाटली दुसरीच होती, नाहीतर दिवसभराचा डोस एका वेळचा समजला होता. म्हणून सूत्रात काय घालायचं यावरच जास्त बोलते. डोस डॉक्टर लिहितात. पण सिरिंज आपल्या हातात असते, आणि लिहिलेलं पटलं नाही तर देण्याआधी विचारणं हे आपलं काम आहे.

काटा

बेबी काट्यावर आधी दुपटं टाका, मग काटा शून्यावर आणा, मग बाळ ठेवा. बाळ उघडं हवं. टोपडं, स्वेटर, ओला लंगोट, चांदीचे वाळे, हे सगळं बारदान. २.८ किलोच्या बाळावर २०० ग्रॅमचे कपडे राहिले तर डोस सात टक्क्यांनी वाढलाच म्हणून समजा. थंडीत आजी कुरकुर करते, 'सिस्टर, लेकरू गारठंल की!' तिला म्हणायचं, आजी, अर्धा मिनिट. हाताला सलाईनची स्प्लिंट बांधलेली असेल तर तसलीच दुसरी काट्यावर ठेवून तिचं वजन वजा करा. मूल काट्यावर उभंच राहत नसेल तर आईच्या कडेवर देऊन दोघांचं वजन घ्या, मग एकट्या आईचं.

वजन किलोतच लिहा, केसपेपरच्या वर, लाल पेनानं, तारखेसकट. मागच्या महिन्यात अंगणवाडीत केलेलं वजन चालत नाही. जुलाबाचं मूल दोन दिवसांत उतरतं आणि सलाईन लागलं की पुन्हा चढतं.

वयावरून वजन काढायचं एक सूत्र पुस्तकात असतं: एक ते सहा वर्षांसाठी वयाची दुप्पट अधिक ८. म्हणजे तीन वर्षांचं मूल १४ किलोचं. वाळव्याच्या पट्ट्यात कारखाने सुरू झाले की बीडकडची ऊसतोड माणसं येतात, फडाजवळ कोप्या घालून राहतात. एका रात्री अकराला तिथला तीन वर्षांचा पोरगा विंचू चावून आला. घामानं निथळत होता, हातपाय गार. डॉक्टरांनी प्राझोसिन सांगितलं. आमच्या भागात लाल विंचवाला हे औषध वापरतात ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम. बरोबरची नवीन मुलगी पटकन म्हणाली, 'तीन वर्षांचा आहे, चौदा धरू.' मी बापाला पोरगं घेऊन काट्यावर उभं केलं, मग एकट्याला. पोरगा भरला साडेदहा किलो.

साडेदहा गुणिले ३० म्हणजे ३१५ मायक्रोग्रॅम. चौदा धरले असते तर ४२०. पुस्तकातलं वजन पुस्तकातल्या मुलाचं, आणि प्राझोसिन रक्तदाब खाली आणतं. १ मिलिग्रॅमची साधी गोळी (हळूहळू सुटणारी लांब पल्ल्याची कुटायची नाही, ती वेगळी) कुटून १० मिली पाण्यात कालवली. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, तर एका मिलीत १००. मिश्रण खाली बसतं म्हणून ढवळत-ढवळत ३.१ मिली ओढून पाजलं आणि पोराला आडवंच ठेवलं. वजन करायला फार तर दीड मिनिट गेला असेल.

मिली म्हणजे डोस नव्हे

आता माझी चूक. नोकरीची पहिली दोन वर्षं मी एका छोट्या खासगी दवाखान्यात होते. आठ किलोचं बाळ तापातून बरं होऊन घरी निघालं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम सांगितलं होतं. १२० मिलिग्रॅम. आमच्याकडच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० असतं, म्हणून मी कागदावर लिहिलं, 'पॅरासिटामॉल ५ मिली, ताप आल्यास'. हिशोब अगदी बरोबर. बापानं गावातल्या मेडिकलमधून पॅरासिटामॉलच घेतलं, पण ड्रॉप्सची बाटली. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम. आईनं रात्री ५ मिली पाजलं, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. सकाळी ती बाटली घेऊन दारात उभी: 'सिस्टर, ड्रॉपर एवढासाच आहे, पाच येळा भरून द्यायचा का दरवेळी?'

या औषधाची दिवसभराची मर्यादा साधारण किलोला ६० मिलिग्रॅम धरतात, त्या बाळाला ४८०. ती एका घोटात ओलांडली होती. डॉक्टरांनी बाळ दिवसभर ठेवून घेतलं, काही झालं नाही. पण त्या बाईला ड्रॉपरचा आकार खटकला नसता तर ताप हटेना म्हणून तिनं आणखी दोनदा तेच केलं असतं. १५ मिलीची बाटली, तीन डोसांत रिकामी.

तेव्हापासून मी कुठंही नुसतं 'मिली' लिहीत नाही. आधी मिलिग्रॅम, मग बाटलीवरचा आकडा, मग मिली. तिन्ही एका ओळीत: '१२० मिलिग्रॅम, सिरप ५ मिलीत १२०, म्हणून ५ मिली'. लिहायला लांब होतं, होऊ दे.

हिशोबाची रीत एकच. लेबल वाचून स्वतःला विचारायचं, एका मिलीत किती? १२० भागिले ५ म्हणजे २४. २५० भागिले ५ म्हणजे ५०. मग लागणारे मिलिग्रॅम भागिले एका मिलीतले मिलिग्रॅम. 'हवं ते भागिले असलेलं गुणिले पाणी' हे सूत्रही तेच सांगतं, पण त्यात 'पाणी' ५ की १ हे विसरायला होतं. एका मिलीवर आलं की विसरायला जागा उरत नाही.

पॅरासिटामॉलसाठी मला वडिलांच्या पाढ्यांचा उपयोग झाला. आमच्या घरी पावकी-निमकी पाठ असायची, यार्डात त्यावरच चालायचं. १२०च्या सिरपला निमकी: वजनाच्या निम्मे मिली. दहा किलो, ५ मिली. २५०च्या सिरपला पावकी: दहा किलो, अडीच मिली. दोन्हीकडं किलोला १२ च्या आसपास पडतात, म्हणजे १० ते १५ च्या मधोमध. आणि ड्रॉप्सला दहावा भाग: दहा किलो, १ मिली. किलोला १०. हे डोस काढायला नाही, काढलेला डोस ताडून बघायला. हिशोबातून आठ किलोला ९ मिली निघालं आणि हातात १२०चं सिरप असेल, तर निमकी चार सांगते. मग कुठंतरी घोळ आहे.

एका वेळचा की दिवसाचा

सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची ऑर्डर घ्या. १२ किलोचं मूल, 'किलोला ७५ मिलिग्रॅम दिवसाला, दोन भागांत'. ९०० हा दिवसाचा डोस, एका वेळचा ४५०. १ ग्रॅमची व्हायल (इंजेक्शनची छोटी बाटली) १० मिली पाण्यात विरघळवली की मिलीला १००, म्हणून साडेचार मिली. 'दिवसाला' हा शब्द नजरेतून सुटला तर दोन्ही वेळा नऊ-नऊ मिली जातं, आणि गुणाकार तपासणाऱ्याला त्यात काही चूक सापडत नाही. ऑर्डरमध्ये 'डोस' की 'दिवस' हे स्पष्ट नसेल तर मी राऊंड संपायच्या आत विचारून घेते आणि त्या शब्दाला गोल करते. पॅरासिटामॉल सांगताना बहुतेक 'दर डोसला' सांगतात, अँटिबायोटिक सांगताना बऱ्याचदा 'दिवसाला'. गोंधळ त्यातूनच होतो.

पावडरही जागा घेते. सेफ्ट्रियाक्सोनच्या १ ग्रॅमला ९.६ मिली पाणी घातलं की नेमके मिलीला १०० होतात. १० घातलं तर किंचित पातळ, १२ किलोच्या मुलाला फरक पडण्यासारखा नाही. पण प्रत्येक पावडरीचं तसं नसतं, माहितीपत्रक वाचूनच पाणी घालावं. आणि हेच औषध रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या लाइनमधून सोडायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं. नवजात बाळाला तर मुळीच नाही.

थेंबाएवढे डोस

नवजात बाळाकडं आलं की माझा आवाज आपोआप चढतो, असं मुली म्हणतात.

२.८ किलोच्या बाळाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक, किलोला ५ प्रमाणे १४ मिलिग्रॅम लिहिलंय. कपाटात दोन व्हायल: एकीवर २ मिलीत ८० मिलिग्रॅम, दुसरीवर २ मिलीत २०. पहिलीतून ०.३५ मिली लागेल, दुसरीतून १.४. अदलाबदल झाली तर चौपट नाहीतर पाव डोस. रात्रीच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. आमच्या इनचार्ज सिस्टरांनी त्या वेगवेगळ्या खणांत ठेवायला लावल्या होत्या. एवढी साधी गोष्ट करायला कुणाची परवानगी लागत नाही.

०.३५ मिली ५ मिलीच्या सिरिंजनं मोजता येत नाही, तिची एक रेघ ०.२ ची असते. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या. ती संपलीय म्हणून इन्सुलिनची घ्यायचा मोह होतो, तो टाळा. मोह का होतो तेही सांगते. आपल्याकडची इन्सुलिन सिरिंज ४० युनिटला १ मिलीची, आणि मोठ्या जेंटामायसिनमध्ये मिलीला ४० मिलिग्रॅम. त्यामुळं १४ च्या रेघेवर बरोबर १४ मिलिग्रॅम येतात, भागाकारही नको! एक मुलगी असंच भरायची आणि तिची वाहवा व्हायची. एके दिवशी मोठी व्हायल संपली, तिनं छोटीतून १४ च्या रेघेपर्यंत भरलं. बाळाला जाणार होते साडेतीन मिलिग्रॅम. शेजारी उभ्या ब्रदरनं व्हायल वाचली म्हणून सापडलं. इन्सुलिनची सिरिंज इन्सुलिनलाच.

आणखी एक. सिरिंजच्या टोकात आणि सुईत थोडं औषध अडकलेलं असतं. ०.३५ मिली ओढून त्याच सिरिंजमध्ये वर सलाईन ओढलं तर ते अडकलेलंही आत येतं, आणि तुम्ही मोजल्यापेक्षा जास्त देता. मोठ्या मुलाला ते जाणवत नाही, पण एवढ्याशा डोसात तो हिस्सा मोठा असतो. पातळ करायचं असेल तर मोजलेलं औषध दुसऱ्या सिरिंजमधल्या सलाईनमध्ये सोडा.

आकड्यांबद्दल थोडं. मी इथं मराठी आकडे लिहिलेत, पण केसपेपरवर असं करू नका. देवनागरी एक हा घाईत इंग्रजी नवासारखा वाचला जातो, आणि देवनागरी चार इंग्रजी आठासारखा. केसपेपरवर सगळे आकडे इंग्रजी. एकापेक्षा कमी असेल तर टिंबाआधी शून्य हवंच, आणि पूर्ण आकड्यापुढं टिंब-शून्य नकोच: पाच पॉइंट शून्यातलं टिंब पुसट झालं की पन्नास होतात. मायक्रोग्रॅम पूर्ण अक्षरांत. त्याची खूण मिलिग्रॅमसारखी वाचली गेली तर डोस हजारपट.

वजनाला न जुमानणारी

सगळं वजनावर चालतं असं मुलींच्या डोक्यात बसलं की मी त्यांना शिराळ्याचा नाग विचारते. नाग चावला तर पाच वर्षांच्या मुलाला सर्पविषप्रतिबंधक लस मोठ्या माणसाच्या मानानं किती? सगळ्या म्हणतात, निम्मी. चूक. साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही, आणि लस विषाच्या मापाची लागते. मोठ्याला सुरुवातीला ८ ते १० व्हायल, मुलालाही तेवढ्याच. वजनावर ठरतं ते फक्त त्या किती सलाईनमध्ये मिसळायच्या हे.

कुत्रं चावलं तर लशीचा डोस सगळ्यांना सारखा, पण जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन वजनावर: माणसापासून केलेलं किलोला २० युनिट, घोड्यापासून केलेलं ४०. झिंक वयावर: दोन ते सहा महिने १० मिलिग्रॅम, पुढं २०, चौदा दिवस. 'अ' जीवनसत्त्वही वयावर, नवव्या महिन्यात एक लाख युनिट, नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांपर्यंत.

उलट बाजूही आहे. १३ वर्षांची ५२ किलोची मुलगी आली तर किलोनं गुणत बसाल तर मोठ्या माणसाच्या पुढं जाल. मुलाचा डोस मोठ्याच्या डोसावर कधी जात नाही, तिथं थांबायचं.

ताडून बघणं

दुसऱ्या सिस्टरला 'अगं, साडेचार बरोबर ना?' असं विचारलं की ती 'हो' म्हणते. मीही म्हटलेलं आहे, हातात तीन कामं असताना. उत्तर सांगायचंच नाही. ऑर्डर आणि व्हायल तिच्या हातात द्या, तिनं वेगळ्या कागदावर काढावं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.

ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटीच असाल तर उलटं चाला. सिरिंजमध्ये साडेचार मिली आहे. मिलीला १००, म्हणजे ४५०. भागिले १२ किलो, साडेसदतीस. दिवसातून दोनदा, म्हणजे ७५. ऑर्डरला पोचलो. त्याच वाटेनं पुन्हा गेलं की तीच चूक पुन्हा होते, उलट्या वाटेनं गेलं की सापडते. आणि एका बाळासाठी दुसरी व्हायल किंवा दुसरी अँप्यूल फोडायला हात गेला की हात मागं घ्या. दरवेळी चूकच असेल असं नाही, पण वजनापासून पुन्हा सुरुवात करा.

सलाईनचं थोडक्यात. पहिल्या दहा किलोंना किलोमागं १०० मिली, पुढच्या दहांना ५०, त्यापुढं २०, चोवीस तासांना. हा हिशोब १९५७ पासून चालत आलाय. डॉक्टर हल्ली आजारानुसार कमी-जास्त करतात. १४ किलोला १००० अधिक २००, म्हणजे तासाला ५० मिली. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली असतो, म्हणून तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब: ५०. साधा सेट २० थेंबांचा असेल तर त्याचा तिसरा भाग, सतरा. ब्युरेटमध्ये (सलाईनच्या लाइनमधली मापाची नळी) एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त भरू नका. रात्री क्लँप सैल झाला तरी तेवढंच जाईल.

घरी पाठवताना

ड्रॉपरवाल्या बाईनंतर मी चमच्यावरचा विश्वास सोडला. आमच्याकडं चमचा म्हणजे पोह्याचाही आणि मिसळणाच्या डब्यातलाही. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज देते, रेघेवर मार्करनं खूण करते, आणि माझ्यासमोर पाण्यानं भरून दाखवायला लावते. आईनं भरून दाखवल्याशिवाय कागद देत नाही. कोरड्या सिरपच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं भरायचं, हलवून पुन्हा खुणेपर्यंत कसं आणायचं, हेही तिथंच.

मग विचारते, घरात सर्दीचं कुठलं औषध आहे? बऱ्याच सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतंच, आई दोन्ही देते आणि डोस दुप्पट होतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं लेबलवर छापायला केंद्र सरकारनं २०२३ च्या अखेरीस सांगितलंय. बाटली आणायला लावा आणि स्वतः वाचा.

जाता जाता तीन गणितं, नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी देते ती.

एक: १६ किलो, ओंडान्सेट्रॉन किलोला ०.१५ मिलिग्रॅम, अँप्यूल मिलीला २. दोन: ७.२ किलो, अमिकासिन किलोला १५, दिवसातून एकदा. व्हायल २ मिलीत १०० ची, आणि दुसरी २ मिलीत २५० ची, दोन्हींनी काढा. तीन: कॉट सात, तीन वर्षांचा मुलगा, ताप १०२, पॅरासिटामॉल एक चमचा. किती मिलिग्रॅम?

पहिल्याचं उत्तर २.४ मिलिग्रॅम, १.२ मिली. दुसऱ्याचं १०८ मिलिग्रॅम. छोटीतून २.१६ मिली, मोठीतून ०.८६. छोटीनं काढताना दुसरी व्हायल फोडावी लागते, तिथं हात थांबला का ते मी बघत असते. तिसऱ्यात कुणी १२० लिहितं, कुणी १२५, कुणी २५०. कधीतरी एखादी पेन खाली ठेवून विचारते, 'सिस्टर, कॉट सातचं वजन केलंय का? आणि बाटली कुठली?' तिला मी त्याच दिवशी औषधांच्या ट्रॉलीची किल्ली देते.